बिनकारणाच्या टाळ्या

ऑर्गन वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे असते. म्हणून ऑर्गनच्या वर भिंतीला हाताच्या पंजाएवढा एक आरसा टांगलेला होता. पाळक कधी उभे राहिले, अर्पणाच्या थैल्या कधी परत आल्या, हे ताई त्यातच बघायची. सत्तावीस वर्षं तिनं मंडळी बघितली ती अशी, आरशातून. उपदेशाला कोण पेंगतं, गाताना कोण नुसतेच ओठ हलवतं, कोण शेजारणीच्या नव्या चपला न्याहाळतं, सगळं तिला पाठ होतं. त्या रविवारी तिसऱ्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला तिला आरशात दोन हात वर गेलेले दिसले. मग टाळी वाजली. एक नाही, दोन नाही, चांगल्या ठेक्यात वाजतच राहिली.

त्या चर्चमध्ये कधी कुणी टाळी वाजवली नव्हती. लग्नात नाही, नवे पाळक आले तेव्हाही नाही. तिथले लोक देवासमोर बसायचे ते डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत बसावं तसे, गुडघे जुळवून, खोकला आला तर तोंडावर रुमाल धरून. ताईचं बोट पट्टीवरून घसरलं आणि एक सूर भलताच लागला. कारण डोळे मिटून, तोंडभर हसत, डोक्याच्या वर हात नेऊन टाळ्या पिटणारी ती बाई तिची सख्खी धाकटी बहीण होती.

धाकटी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. सहा वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. वर्षाच्या आत नवराही गेला, पण तो आपल्या पायांनी, दुसऱ्या बाईकडे. ताईनं स्वतः लग्न केलेलं नव्हतं. तिनं बहिणीला आपल्या दोन खोल्यांत आणलं, तिच्यासाठी पलंग रिकामा केला आणि स्वतः सोफ्यावर झोपायला लागली. तेव्हापासून दर रविवारी धाकटी चौथ्या बाकावर येऊन दगडासारखी बसायची. गायची नाही, कुणाशी बोलायची नाही. आणि मंडळीनं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. बायका तिच्या हातात रुमाल द्यायच्या. दर आठवड्याला तिच्यासाठी प्रार्थना व्हायची. चर्चच्या समितीचे अध्यक्ष असलेले निवृत्त हेडमास्तर जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. इतकी वर्षं ती सगळ्यांची लाडकी होती.

त्या दिवशी उपासना संपल्यावर तिच्याजवळ कुणी आलं नाही.

घरी आल्या आल्या ताईनं पर्स टेबलावर आपटली. "काय झालं होतं तुला?"

"आनंद झाला," धाकटी म्हणाली. ती बुटांच्या नाड्या सोडत होती.

"कशाचा?"

"माहीत नाही."

"पगार वाढला? नवऱ्याची चिठ्ठी आली?"

"नाही गं. काहीच नाही झालं. उभी होते, आणि एकदम आतून असं वर आलं. बसवेचना मग."

"लहान मुलांना शू आवरत नाही, तसं?"

धाकटीला खरंच हसू आलं. "अगदी तसंच."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला कारण सांगितलं असतं तर तिनं कदाचित ऐकून घेतलं असतं. बिनकारणाचा आनंद म्हणजे तिच्या मते एक तर आजार होता, नाही तर नाटक. ती स्वतः सत्तावीस वर्षं थंडीतापात, पाय सुजलेले असताना ऑर्गन वाजवत आली होती. पायानं भाता मारून हवा भरायचा जुना ऑर्गन तो, घोटे भरून यायचे. एवढ्या वर्षांत तिच्या आतून काहीही वर आलं नव्हतं. तिनं कधी तक्रार केली नव्हती. आणि जी सहा वर्षं देवाकडे साधी मान वर करून बघत नव्हती, तिला हे फुकट मिळावं?

पुढच्या रविवारी धाकटीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्याच्या पुढच्या रविवारी टाळ्या वाजवत ती बाकातून बाहेर आली आणि मधल्या वाटेत उभी राहून डोलायला लागली. पाळकांच्या प्रार्थनेच्या मधोमध "हालेलुया!" असं एवढ्या खणखणीत आवाजात ओरडली की मागच्या बाकावरचं तान्हं पोर दचकून रडायला लागलं. तिच्या आजूबाजूची माणसं एकेक करून सरकू लागली. महिनाभरात चौथ्या बाकावर ती एकटी उरली, आणि तिसरा आणि पाचवाही रिकामा झाला. रुमाल देणाऱ्या बायका आता दारातच एकमेकींच्या कानाला लागायच्या आणि ती आली की गप्प व्हायच्या. एकजण ताईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पोटचं पोर गेल्यावर आम्हाला नसतं बाई असं नाचता आलं."

ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेमला बसवायचं काम करायची. एका दुपारी हेडमास्तर काउंटर ओलांडून सरळ आत आले. त्यांच्या चष्म्याची काडी ढिली झाली होती. ताईनं चष्मा हातात घेतला, बारीक पेचकस घेतला आणि दिव्याखाली वाकली. चष्म्याशिवाय हेडमास्तरांचे डोळे लहान आणि ओलसर दिसत होते, पण आवाज वर्गात असायचा तोच होता.

"ताई, तुमच्या बहिणीचं काय करायचं?"

"मी बोलले तिच्याशी."

"बोलून काय झालं ते दिसतंच आहे. तीन कुटुंबांनी मला सांगितलंय, हे असंच चाललं तर आम्ही येणार नाही. देवाचं घर आहे ते, जत्रेतला तंबू नाही. दुःख मी समजू शकतो. दुःखाला आपण जागा दिली. पण हा थयथयाट?"

"पाळकसाहेब काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार! पवित्र शास्त्रातला राजासुद्धा देवापुढे नाचला होता म्हणे. मी म्हटलं, तो राजा होता, त्याच्या घरचा कारभार होता. इथे समिती आहे."

ताईनं पेच घट्ट केला. एक वेढा जास्तच दिला गेला, काडी कुरकुरली.

"तुमच्या घरातली आहे, म्हणून आधी तुम्हाला सांगतो," हेडमास्तर चष्मा चढवत म्हणाले. "तुम्ही थांबवलंत तर उत्तम. नाही तर आम्हाला हात धरून बाहेर काढावं लागेल. तेव्हा तुम्ही तुमचं वाजवत राहा, बाकीचं आम्ही बघू."

"तशी वेळ येणार नाही," ताई म्हणाली. त्या क्षणी तिला बहिणीचा जेवढा राग आला होता तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता. तिच्यामुळे ताईला खालमानेनं ऐकून घ्यावं लागलं होतं.

उपाय तिला दुसऱ्या दिवशी काच घासता घासता सुचला. मंडळी गाते ती ऑर्गनच्या मागून. ऑर्गन थांबला की थांबते, धावला की धावते. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांना ते कळतही नाही, श्वासच तसा घेतला जातो. टाळीला मात्र श्वास नसतो. टाळीला ठेका लागतो. आणि ठेका ताईच्या हातात होता.

रविवारी दुसरं गीत सुरू झालं. धाकटीनं हात वर केले आणि टाळी धरली. पहिलं कडवं ताईनं सरळ वाजवलं. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीच्या शेवटी तिनं सूर धरून ठेवला, नेहमीपेक्षा दोन मोजणी जास्त. मंडळी थांबली. धाकटीची टाळी एकटीच शांततेत पडली. पुढची ओळ ताईनं पळवली; मंडळी पळाली, टाळी मागे राहिली. मग पुन्हा सूर धरला. टाळी पुन्हा उघडी पडली. कुणीतरी नाकातून हसलं. तिसऱ्या कडव्यापर्यंत अख्खं चर्च खांदे हलवत हसत होतं. बायका रुमालात तोंड खुपसून, पुरुष गीताच्या पुस्तकाआड. त्या गंभीर जागेत इतकी वर्षं कुणी मोकळेपणी हसलं नव्हतं, आणि हसले ते असे. धाकटी ठेका शोधत होती, हात हवेत अर्धवट धरून, अंधारात पायरी चाचपडावी तशी.

मग तिनं डोळे उघडले आणि सरळ आरशात बघितलं. ताईच्या डोळ्याला डोळा भिडला. तिला कळलं. तिनं हात खाली घेतले आणि ती बसली.

ताईनं शेवटचं कडवं अगदी सरळ, स्वच्छ वाजवलं.

घरी येऊन दार लागल्यावर धाकटी म्हणाली, "मुद्दाम केलंस."

"हो."

"सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस मला."

"तू मला पाच आठवडे पाडते आहेस. कुठे तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस."

"मी काय वाईट केलं? चोरी केली? कुणाला शिवी दिली?"

"तुला सहा वर्षं मी सांभाळलं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "वाढून दिलं, अंथरूण घातलं, रात्री मध्येच उठून तू रडते आहेस की झोपलीस ते बघितलं. तेव्हा नाही तुला आनंद झाला कधी! आणि आता कुठून आला? देवानं काय दिलंय तुला? तुझी पोर मेली, आणि तू नाचतेस?"



धाकटी हळू आवाजात म्हणाली, "तू इतकी वर्षं हेच म्हणायला टपून बसली होतीस." तिनं आपलं पांघरूण आणि कामाचे कपडे एका पिशवीत कोंबले आणि ती निघून गेली.

सोमवारी दुपारी ताई दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून हॉस्पिटलच्या मागच्या फाटकानं धुलाईखान्यात गेली. आत वाफेनं डोळ्यांपुढे काही दिसेना. मोठमोठ्या यंत्रांची धडधड पायांतून वर चढत होती. धाकटी इस्त्रीच्या गरम रुळाशी उभी होती. समोर एक धिप्पाड बाई. दोघी ओल्या चादरीची दोन टोकं ताणून धरायच्या, रुळात सोडायच्या, पुढची घ्यायच्या. धाकटीचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला होता, पूर्वीचा, सहा वर्षांचा. ते बघून ताईला क्षणभर बरं वाटलं. आपली बहीण परत मिळाल्यासारखं वाटलं. आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच तिला अशी भीती वाटली की तिनं भिंतीला हात टेकला.

"कुठे झोपलीस?" तिनं ओरडून विचारलं. त्या आवाजात ओरडावंच लागत होतं.

"हिच्याकडे." धाकटीनं हनुवटीनं समोरची बाई दाखवली. चादर सोडली नाही.

"घरी चल."

"चादरी संपल्या की येईन. माझं घर आहे ते, भाडं मीही देते." मग तिनं पहिल्यांदा मान वळवली. "आणि रविवारी चर्चलाही येणार आहे. तू कितीही वेडंवाकडं वाजव. पहिल्या बाकावर बसणार आहे, तुझ्या कानाशी."

समोरची धिप्पाड बाई ताईकडे बघून म्हणाली, "बाई, वाटेतून बाजूला व्हा, गाडा येतोय." ताईला बाजूला व्हावं लागलं.

धाकटी घरी आली, पण आठवडाभर दोघींत मिठाच्या डबीपुरतंही बोलणं झालं नाही. आणि रविवारी ती खरंच पहिल्या बाकावर बसली, ऑर्गनपासून चार हातांवर. चेहऱ्यावर हसू नव्हतं. पहिलं गीत सुरू झालं तशी ती उठली आणि तिनं टाळी धरली. ती टाळी आनंदाची नव्हती, हे ताईला पाठीतून कळलं. भांडणाची होती. प्रत्येक टाळी तिच्या मानेवर येऊन बसत होती.

दुसऱ्या कडव्याला आरशात हेडमास्तर उठलेले दिसले. ते मधल्या वाटेनं चालत आले, शाळेत मागच्या बाकावरच्या पोराकडे जावं तसे. त्यांनी धाकटीचं कोपर धरलं. तिनं झटकलं. त्यांनी पुन्हा धरलं, या वेळी दोन्ही हातांनी, आणि ओढायला लागले. पाळकांनी डोळे पुस्तकात घातले. मंडळी गात होती, उलट जरा जोरातच, म्हणजे ओढाताण ऐकू येऊ नये. हेडमास्तरांनी आरशात बघून ताईला भुवया उंचावून खूण केली: वाजवत राहा.

ताईच्या लक्षात आलं की हे सगळं तिच्या वाजवण्याच्या आडोशानं चाललं आहे.

तिचे पाय थांबले. भात्यातली हवा संपली तसा ऑर्गननं एक लांब उसासा टाकला आणि सूर ओळीच्या मधेच मेला. मंडळी आणखी तीन-चार शब्द चाचपडत गायली आणि गप्प झाली. त्या शांततेत हेडमास्तरांच्या बुटांचं फरशीवर घासणं आणि धाकटीचं "हात दुखतोय माझा" एवढंच ऐकू आलं.

ताई ऑर्गनच्या बाकावरच मागे वळली. इतक्या वर्षांत तिनं मंडळीकडे असं तोंड केलं नव्हतं. आरशात दिसायची त्यापेक्षा ती माणसं खूप जवळ होती.

"हेडमास्तर, हात काढा."

"ताई, आपलं ठरलं होतं."

धाकटीनं चमकून ताईकडे बघितलं.

"ठरलं होतं," ताई म्हणाली. "गेल्या रविवारी मी मुद्दाम वाकडं वाजवलं. तुम्ही हसलात ना सगळे, ते माझं काम होतं. आज सरळ वाजवणार आहे. ज्याला टाळी नको असेल त्यानं कानात बोटं घालावीत. पण तिच्या अंगाला हात लावायचा नाही."

हेडमास्तरांनी हात सोडला. ताईला वाटलं, आता धाकटी काहीतरी बोलेल, निदान नजरेनं तरी. धाकटीनं कोपर चोळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या परवानगीनं मला टाळ्या वाजवायच्या नाहीत." आणि ती ताठ मानेनं मधल्या वाटेनं चालत बाहेर निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, पण ते आपोआप आपटलं.

ताईनं ते गीत पहिल्यापासून वाजवलं. पाळक तेवढे गायले, बारीक, थरथरत्या आवाजात. बाकी कुणी तोंड उघडलं नाही.

नंतर समितीनं ताईला पत्र दिलं आणि तिच्या जागी औषधवाल्याच्या पुतण्याला बसवलं. त्याला पायानं भाता मारता मारता हातानं वाजवणं जमेना. दुसऱ्याच रविवारी ऑर्गन असा रेकला की म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. समितीनं ताईला परत बोलावलं, माफी न मागता, आणि तीही गेली, आभार न मानता. हेडमास्तर चष्मा दुरुस्त करायला आता दुसऱ्या दुकानात जातात.

धाकटी तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी आली आणि आपल्या जुन्या चौथ्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या गीताला तिनं हात वर केले. आरशात तिचे डोळे मिटलेले होते. हसू हळूहळू आलं, थोडं बिचकत. ताईनं ठेका शेवटपर्यंत सरळ ठेवला. आजही तिच्या पुढचा आणि मागचा बाक रिकामा असतो. आजही बायका दारात कुजबुजतात. आणि खरं सांगायचं तर ताईलाही ती टाळी आवडत नाही. कानाला बोचते.

घरात मात्र एकदा ताईनं विषय काढला. "त्या दिवशी मी बोलले ते..."

"बोललीस," धाकटी म्हणाली.

"बोलायला नको होतं."

"नको होतं. ते आता पुसलं जाणार नाही."

"माहीत आहे."

एका शनिवारी दुपारी ताई चर्चमध्ये सराव करायला एकटीच गेली होती. गाणी संपल्यावर ती उठली, दार लावलेलं आहे ना ते बघून आली आणि ऑर्गनपाशी उभी राहिली. तिनं हात डोक्याच्या वर नेले. खांद्यात कळ आली. तिनं टाळी वाजवली, एक, मग दुसरी. छताला लागून आवाज परत आला. तिनं वाट बघितली. आतून काहीच वर आलं नाही. कान तेवढे गरम झाले. तिनं ऑर्गनचं झाकण लावलं, किल्ली फिरवली आणि ती घरी आली.

धाकटी ताटं विसळत होती. ताईनं पुसायचं फडकं घेतलं.

"उद्या कुठली गाणी आहेत?" धाकटीनं न वळता विचारलं. त्या भांडणापासून चार महिन्यांत तिनं हे विचारलं नव्हतं.

ताईनं सांगितली.

"दुसरं तू फार सावकाश घेतेस."

"ते सावकाशच आहे."

"मेल्यासारखं वाटतं."

"लिहिलंय तसं वाजवते मी."

"बरं," म्हणत धाकटीनं तिच्या हातात ओलं ताट दिलं.